जागचा न हललेला ठिपका

१

माझा फरामर्ज तेलाच्या कामावर लागला, त्याच आठवड्यात मी टेकडीवरच्या इमामजाद्याच्या दर्ग्याला गेले होते. जाळीला हिरवी चिंधी बांधली, कपाळ टेकलं आणि बोलले, "हा रोज जाईल तसा रोज परत येऊ दे. दर महिन्याला केशराचा हलवा करीन, गल्लीतलं एक दार चुकवणार नाही." त्याच्या बापाला दरीतल्या गॅसनं नेलं होतं. सकाळी साखरेचा खडा दातात धरून चहा पिऊन गेलेला माणूस दुपारी चौघांनी उचलून आणला. मला मूल एकच. त्याच्यासाठी एवढं तरी मागावंच ना?

बायांनो, त्या हलव्याच्या ताटल्या तुमच्याही घरी आल्या आहेत. शेजारच्या खाला जिवर तर म्हणायच्या, "मेहरबानू, तुझ्या पोराची नोकरी टिकू दे गं बाई. माझ्या दातांना आता दुसरं काही चावत नाही."

फरामर्जचं काम साधं होतं. सकाळी कंपनीचा गाडीवाला हातम, त्याच्या गाडीतून निघायचं, एकेका तेलविहिरीवर उतरायचं, तिच्या तोंडाशी बसवलेला दाबाचा काटा बघायचा, आकडा हातातल्या टॅबवर भरायचा आणि पुढच्या विहिरीकडं जायचं. दुपारच्या जेवणाला घरी. वर्षानुवर्षं तो असाच येत राहिला आणि माझा हलवा होत राहिला.

मग सून आली, अफरूज. अहवाज शहरात शिकलेली, हसरी, भात मात्र नेहमी खाली लावणारी. तिचंही काम विहिरींचंच, पण घरात बसून. जेवणघरात कूलरसमोर टेबल टाकून ती लॅपटॉप उघडायची. डोंगरावरच्या सगळ्या विहिरी, जुन्या-नव्या, चालत्या-मेलेल्या, एका नव्या नकाशावर मांडायचं काम कंपनीनं तिला दिलं होतं. मी चहा घेऊन जाऊन तिच्या शेजारी बसायची.

"आधी जमीन पसरायची, दा," ती सांगायची. आमच्या बोलीत आईला 'दा' म्हणतात, तीही तसंच म्हणायची. "मग तिच्यावर विहिरी ठेवायच्या, मग नावं, मग रंग."

"म्हणजे नवसाचा सुफराच की," मी म्हटलं. "आधी कापड, मग भाकरी आणि मीठ, मग बाकीचं."

"अगदी तसंच. बोला, मेलेल्यांना कुठला रंग देऊ?"

मी म्हटलं, काळा नको, पिस्त्याच्या टरफलाचा दे. तिनं दिला. चालत्या विहिरी मी डाळिंबी करायला लावल्या. ज्या विहिरीचा दाब जास्त तिचा ठिपका मोठा, ज्या विहिरीचा कमी तिचा लहान. असा आमचा डोंगर त्या पडद्यावर भरतकामासारखा उमटत गेला. मला फार आवडायचं ते.

२

एका दुपारी ती म्हणाली, "दा, आज गंमत दाखवते. जुन्या विहिरींच्या जागा जुन्या मोजणीनं लिहिल्यात. म्हणून बघा, ही विहीर शाळेच्या छपरावर पडलीय, ही रस्त्याच्या मधोमध. आता नवी मोजणी लावते."

तिनं बोट टेकवलं. धनगरानं शीळ घातली की कळप कसा एकदम बाजूला होतो, तशा साऱ्या विहिरी एका अंगाला सरकल्या. शाळेवरची खाली उतरून आपल्या कुंपणात गेली. रस्त्यावरची बाजूला झाली. मी टाळ्या वाजवल्या.

एक विहीर हलली नाही.

ती दरीच्या टोकाशी होती, गंजलेल्या टाक्यांच्या मागं. अफरूजनं तिच्यावर बोट टेकवून माहिती उघडली. नाव नाही, खोली नाही, कुणी कधी खणली ते नाही. तिनं ठिपका पुसला. नकाशा पुन्हा भरला तेव्हा तो पुन्हा तिथंच.

"जुन्या माहितीतून येत असेल," ती पुटपुटली. "आणि नाव दिल्याशिवाय हे सॉफ्टवेअर मला पुढंही जाऊ देत नाही."

एवढ्यात फरामर्ज जेवायला आला. ओले हात झटकत तिच्या खांद्यावरून वाकला. "माझं नाव घाल. कंपनीनं घर दिलं नाही, एक विहीर तरी नावावर होऊ दे."

"लग्नात अंगठी उसनी आणली होतीस, आता विहीर मागतोस?" असं म्हणत तिनं टाईप केलंसुद्धा: फरामर्ज-१.

"एक कशाला? पुढं दोन-तीन आहेत वाटतं?"

"मुलं झाली की त्यांची."

त्यानं ओल्या हातांचं पाणी तिच्या तोंडावर उडवलं, ती किंचाळली आणि मला हसू आवरेना. खाला जिवर ताटली परत द्यायला आल्या होत्या, त्या मात्र दारातच थबकल्या. "जित्या माणसाचं नाव विहिरीला? जीभ धुऊन या दोघं!" आमच्या डोंगरात विहिरीच्या तोंडाशी कुणाला नावानं हाक मारत नाहीत. मारायचीच झाली तर आधी लांब होतात. खालांनी चुलीतला निखारा मागून घेतला, त्याच्यावर दृष्ट काढायचे इस्पंदाचे दाणे टाकले आणि तो धूर फरामर्जच्या डोक्याभोवती फिरवला. तो खोटं खोटं खोकत राहिला.

"संध्याकाळी खरं काहीतरी नाव घालते, खाला," अफरूज म्हणाली.

पण नकाशा जतन केला की आपोआप सगळ्यांच्या टॅबवर जाईल, अशी मांडणी तिनंच सकाळी करून ठेवली होती. आम्ही जेवत होतो तेव्हाच तो गेला.

३

दुसऱ्या दिवशी फरामर्जला जेवायला उशीर झाला. फेरीतल्या विहिरींचा क्रम त्या नकाशावरूनच लागायचा. फेरीत एक विहीर वाढली होती.

"गेलो होतो माझ्या विहिरीवर," तो भात कालवत म्हणाला.

अफरूज हसली. "काय म्हणतेय?"

"छान आहे. व्हॉल्व्हचं चाक नुकतंच रंगवलंय. काटा थरथरत होता, पण आकडा वाचता आला. भरला."

अफरूजचा हात ताटात थांबला. मला वाटलं, चेष्टाच करतोय. मी त्याला ताक दिलं, तेव्हा त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. बाहेर लोखंडाला हात लावला तर फोड येईल अशी दुपार होती, आणि माझ्या लेकाचे हात पहाटेच्या ओढ्यासारखे गार होते.

हातम संध्याकाळी दारात आला. हा माणूस फरामर्जबरोबर वाढलेला, एरवी सरळ स्वयंपाकघरात शिरून पातेलं उघडणारा. त्या दिवशी उंबऱ्याच्या आत आला नाही.

"दा, त्याला डॉक्टरकडं न्या."

"काय झालं रे?"

"टाक्यांमागं काही नाही. मी गाडी थांबवली, हा उतरला, टेकाडाआड गेला आणि आकडा घेऊन आला. मी मागाहून जाऊन पाहिलं. नुसती जमीन. गवताची काडी नाही, पाइप नाही, काही नाही."

"उन्हानं झालं असेल."

"मीही तेच म्हणतोय," हातम म्हणाला. "पण ऊन त्याला एकट्यालाच लागतं का?"

डॉक्टर झाले. रक्त तपासलं, छाती तपासली, गॅस अंगात गेलाय का तेही पाहिलं. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, पाणी जास्त प्या.

४

अफरूजनं त्या विहिरीचं जे जे करता येईल ते केलं. 'मेलेली' असं चिन्ह दिलं आणि पिस्त्याच्या टरफलाचा रंग लावला. दुपारी फरामर्जचा आकडा आला आणि ठिपका पुन्हा डाळिंबी झाला. बिननावाच्या विहिरी दिसूच नयेत अशी चाळणी तिनं लावली, पण या विहिरीला तर नाव होतं. मग ती नाव बदलायला गेली. दुसरं काहीही टाईप केलं की सॉफ्टवेअर म्हणायचं, या नावावर नोंदी झाल्या आहेत, बदलता येणार नाही.

आणि ठिपका वाढत चालला. दाब वाढेल तसा ठिपका मोठा, ही मांडणी तिचीच होती. आधी तो मसुराएवढा होता, मग हरभऱ्याएवढा झाला, आणि पाहता पाहता आसपासच्या साऱ्या विहिरी त्याच्याखाली झाकल्या गेल्या.

तिनं नकाशाखात्याच्या मुहंदिस, म्हणजे इंजिनियर, साबेतींना फोन लावला. मी शेजारीच बसले होते.

"मुहंदिस साहेब, ती विहीर तिथं नाहीच. माझ्या हातून झालेली चूक आहे. तुमच्याकडून काढून टाका."

"अफरूज खानुम, तिचा रोज आकडा येतोय. आकडा येणारी विहीर मी कशी काढू? वरचे लोक माझी मान धरतील."

"आकडा माझा नवराच भरतो."

"मग त्याला सांगा, भरू नकोस. घरातली गोष्ट घरात मिटवा."

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं फरामर्जच्या समोर बसून हात जोडले, आकडा भरू नकोस म्हणून. तो शांत होता, अगदी शहाण्यासारखा बोलत होता. हेच मला फार लागतं. वेडा झाला असता, ओरडला असता, तर मी वेडाचा नवस केला असता.

"काटा आकडा दाखवतो, अफरूज. डोळ्यांनी बघून आल्यावर मी खोटं लिहू?"

मी त्याचा टॅब तांदळाच्या पोत्यात लपवला. तो तसाच कामावर गेला. दुपारी घरी येऊन हात धुताना त्यानं आकडा सांगितला. अफरूजनं नकाशा उघडला. तोच आकडा आधीच तिथं भरलेला होता, फरामर्जच्या नावानं.

मी पोतं उपसलं. टॅब तळाशी होता, बंद, तांदळाच्या धुळीनं माखलेला.

५

अफरूजनं कधीतरी हौसेनं आमचं घर नकाशावर टाकलं होतं. लाल छपराचं एवढंसं चित्र. एके दिवशी ते दाखवून ती म्हणाली, "दा, घर आणि ती विहीर बघा. परवा मधे अख्खी दरी होती."

मी पाहिलं. दोन्हींच्या मधे आता फक्त पाण्याची टाकी आणि नान भाजणाऱ्या नानवायाचं दुकान उरलं होतं.

"विहीर सरकली?"

"नाही." तिचा आवाज कोरडा होता. "विहिरीचे आकडे तेच आहेत, पहिल्या दिवसापासून. आपल्या घराचे बदलतायत."

मी तिला घेऊन अंगणात गेले. डाळिंबाचं झाड जागेवर होतं. समोर खाला जिवर दोरीवर चादर टाकत होत्या, त्यांनी हात हलवला. लांब दरीवरच्या गॅसच्या ज्वाळा नेहमीच्याच अंतरावर जळत होत्या. अफरूजनं फोन उंच धरून घराची जागा मोजली. मग पुन्हा मोजली. फोन पालथा केला.

"फोन चुकतात गं," मी म्हटलं. "परवा मला त्यानं समुद्रात दाखवलं होतं."

तिनं मान हलवली. मला वाटतं, माझ्यासाठीच हलवली. मी कुराणाची प्रत दाराच्या चौकटीवर ठेवली आणि फरामर्जला जातायेता तिच्याखालून जायला लावलं. तो लहानपणी जायचा तसाच मान वाकवून जायचा.

त्याच दिवसांत घरात आवाज सुरू झाला. दुपारी जेवणं झाली, पडदे ओढले, गल्ली निजली की कूलरच्या घरघरीखाली दुसरी एक घरघर ऐकू यायची. कूलर बंद केला तरी ती राहायची. पाइपातून तेल जाताना तळपायाला जे कळतं, तसं काहीसं. कान लावला की थांबायची, आणि कान काढून घेतला की पुन्हा. आमच्या गावात जमिनीखाली पाइपांची जाळी आहेत, ते कुणाला नवं नाही. पण आमच्या घराखाली पाइप नाही. आम्ही दोघींनी नकाशावर शोधून पाहिला.

फरामर्ज आता गादीवर निजत नव्हता. फरशीवर पालथा पडून गाल टेकायचा.

"गार वाटतं का, राजा?"

"भरत आलीय, दा," तो डोळे मिटून म्हणायचा.

६

त्या दिवशी हातमनं बाहेर भोंगा वाजवला, पण फरामर्ज उठला नाही. आदल्या दिवसापासून नकाशावर लाल छपराचं चित्र दिसेनासं झालं होतं. डाळिंबी गोल त्याच्यावर चढला होता.

सकाळ त्यानं घरातच काढली. चहा घेतला. अफरूजच्या केसांतून हात फिरवला. तिनं त्याचं मनगट धरून ठेवलं, आणि तो बिचारा उभा राहिला, तिनं सोडेपर्यंत. ती नुसती म्हणाली, "आज नको." तो म्हणाला, "आज लांब जायचं नाही." तिनं घाईघाईनं साबेतींना फोन लावायला घेतला.

दुपारी तो मागच्या खोलीकडं वळला. तुम्हाला ती खोली माहीत आहे, रजया आणि तांदळाची पोती ठेवतो ती. एक दार, खिडकी नाही. दाराशी त्यानं पायातल्या सपाता काढून नीट जोडून ठेवल्या, मशिदीत जाताना ठेवतात तशा.

"कुठं चाललास?"

"आकडा घेऊन येतो, दा. इथंच तर आहे."

मी त्याच्या मागं धावले नाही. घरातल्या घरात लेक दुसऱ्या खोलीत गेला, तर कुठली आई धावते? मी दाराशी बसले. दार त्यानं नुसतं लोटून घेतलं होतं, फट होती. आतून गार हवा माझ्या घोट्यांवर येत होती. मग लोखंडी चाक फिरवल्याचा आवाज आला. ते चाक मी माझ्या नवऱ्याबरोबर, मग लेकाबरोबर, आयुष्यभर ऐकलं आहे. आधी जड, किरकिरत, मग सुटल्यावर हलकं.

मी फटीतून पाहिलं. रजयांच्या चळतीसमोर फरामर्ज पाठमोरा उभा होता, काटा वाचताना वाकतो तसा किंचित वाकून. त्याच्यासमोर काही नव्हतं. पण त्याच्या गालाच्या कडेवर, मानेवर उजेड पडला होता आणि तो खालून येत होता. त्यानं वाचलं. मग कुणीतरी नाव घेऊन हाक मारल्यावर माणूस जसा "आलो" म्हणायला मान उचलतो, तशीच त्यानं मान वळवली, पण वर नाही, खाली.

मी दार ढकललं. दार रजईला अडखळलं, क्षणभरच. आत गेले तर खोली अंधारी, उबट, कापसाच्या वासाची. रजया होत्या. पोती होती.

७

पोलीस आले, कंपनीची माणसं गॅस मोजायची यंत्रं घेऊन आली. यंत्रं गप्प राहिली. हातमनं रडत रडत स्वतः पहार घेतली आणि मागच्या खोलीची फरशी फोडली. खाली डोंगराचा दगड लागला, अखंड. पहार त्याच्यावर नाचायची. एक अधिकारी मला म्हणाला, "खानुम, तरुण माणसं घर सोडून जातात. बंदराकडं कामं आहेत." मी त्याला चहा दिला. सपाता अजून दाराशीच होत्या, त्याला दिसत होत्या.

आकडे येत राहिले.

रोज, फरामर्जच्या नावानं, फरामर्ज-१ वर. पण आता ते वाढत नव्हते. थोडे चढायचे, थोडे उतरायचे, पुन्हा चढायचे. अफरूज दिवस दिवस त्यांच्यासमोर बसायची. एकदा माझा हात ओढून तिनं स्वतःच्या छातीवर ठेवला, दुसऱ्या हातानं पडद्याकडं बोट केलं.

"दा, हा दाब नाही. हा श्वास आहे."

तेव्हापासून आम्ही दोघी तो ठिपका राखू लागलो. ज्याला पुसायला आम्ही हात जोडले होते, त्याच्यासाठी आता ती साबेतींना फोन करून म्हणायची, "आहे ती विहीर, साहेब. खरी आहे. तुम्हीच म्हणालात ना, आकडा येणारी काढता येत नाही?" मी पडद्यासमोर त्याचा चहा ठेवायची. आकडा चढला की अफरूजला म्हणायची, "बघ, जागा झाला." ती हसायचीसुद्धा.

मग कंपनीनं सॉफ्टवेअर बदललं. अहवाजच्या कचेरीत कुणीतरी नव्यानं नकाशा मांडला. साबेतींनी दाखल्यांचा विषय काढला. फरामर्ज-१ खणल्याचा एकही दाखला नव्हता. अफरूज अहवाजला गेली, पायऱ्यांवर बसून राहिली. तिला आत घेतलं, सरबत दिलं आणि नवा नकाशा दाखवला. फार देखणा झालाय म्हणे. सगळ्या विहिरी आपापल्या कुंपणात. तो ठिपका नाही.

ती परत आली तेव्हा तिला आधार देऊन गाडीतून उतरवावं लागलं. "दा, तो आहे तिथंच आहे," ती म्हणाली. "पण आता कुठं आहे ते कळायला काही उरलं नाही."

८

त्या आठवड्यात मी दुसरा नवस बोलले, माझा लेक कुठं आहे ते कळू दे म्हणून. तुमच्या आज्यांनी केलेला आहे, तुम्हाला ठाऊक आहे. तांब्याची परात घ्यायची, ती चाळलेल्या पिठानं भरायची, हातानं सपाट करायची, आरशासारखी. रिकाम्या खोलीत स्वच्छ कापडाखाली ठेवून दार लावायचं. मागणं ऐकलं गेलं तर पिठावर बोटांची खूण उमटते. मी परात मागच्या खोलीत, हातमनं फोडलेल्या जागेवर ठेवली.

सकाळी कापड काढलं. खूण होती.

बोटं दाबली की पिठात खड्डा पडतो ना? तसं नव्हतं. पीठ वर उठलं होतं. अख्खा पंजा, तळव्याच्या रेषांसकट, खालून वर आलेला. मी परात उचलून पाहिली. बूड अखंड, डाग नाही. मग मी त्या पंजावर माझा पंजा ठेवला. खालून हळूच दाब आला, खमीर फुगतं तसा. मी स्वतःला म्हटलं, मेहरबानू, खमीरच असेल. पण त्या पिठात मी पाण्याचा थेंब घातला नव्हता.

पुढच्या वेळी माझी परात सपाटच राहिली. त्याच्या पुढच्या वेळीही. मी रडले, आणि त्याच दुपारी खाला जिवर धापा टाकत आल्या. भाकरीसाठी चाळून ठेवलेल्या पिठात त्यांच्या घरी पंजा उठला होता. मी अनवाणी गेले, पण तोवर त्यांच्या सुनेनं घाबरून तो लाटण्यानं मोडला होता. तिला मी काही बोलले नाही. लहान आहे. ती एवढंच सांगत राहिली की अंगठा भलत्या बाजूला होता. मी त्याच्यावर खूप विचार केला. खालून वर केलेला हात तसाच दिसणार.

मग नानवायाकडं उठला. त्याच्या पिठाच्या हौदात. नानवायी म्हणतो, एक नव्हता, पाच-सहा होते, लहानमोठे, एकमेकांना लागून. अफरूज ते ऐकून दार लावून बसली आहे, मागच्या खोलीत पाऊल टाकत नाही. मला भीती वाटत नाही. एवढे पंजे, म्हणजे तो तिथं एकटा नाही. त्याच्याबरोबर माणसं आहेत. कदाचित त्याचा बापसुद्धा असेल.

पण तो सरकतोय, बायांनो, की आपली घरंच त्याच्यावर सरकतायत, कोण जाणे. आज कुणाच्या घराखाली असेल, उद्या कुणाच्या, ते सांगणारा नकाशा आता नाही. माझ्या एका परातीत तो सापडायचा नाही. म्हणून आज या सुफऱ्यावर तुम्हाला बोलावलं, हलवा गोड करून घ्या आणि माझं एवढं ऐका. जो नवस मी केला तोच तुम्हीही करा. आपापल्या घरी मागच्या खोलीत परात ठेवा, पीठ सपाट करा, दार लावा. पंजा उठला तर मोडू नका, मुल्लाला बोलावू नका, कंपनीला तर नकोच. जवळ बसा आणि आपला हात त्याच्यावर ठेवा. गार लागेल, घाबरू नका. आणि त्यानं बोटं मिटून तुमचा हात धरला, तर सोडवून घेऊ नका. दुसऱ्या हातानं खिडकी उघडा आणि मला हाक मारा. कुठल्याही घरून मारा, मी धावत येते. मी येईपर्यंत, खुदासाठी, धरून ठेवा.